गरम झाली की चेनसॉ दम सोडते: कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी काय काय बघायचं

मार्चपासून मृग लागेपर्यंत माझ्या दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच. "सकाळी एका दोरीत चालू होते भाऊ, पन गरम झाली का बसूनच जाते." काटोल-कळमेश्वरकडे डिंक्या रोगाने वाळलेली संत्र्याची झाडं काढायची असतात, धुऱ्यावरची बाभूळ-सुबाभूळ तोडायची असते, शहरात पावसाळ्याआधी फांद्यांची छाटणी सुरू असते. ऐन कामात मशीन बसते आणि मजुरांची रोजी अंगावर पडते.

नागपुरात लकडगंजच्या आरा मशीनांच्या शेजारी मी गेली बरीच वर्षं फवारणी पंप, ग्रास कटर आणि चेनसॉ दुरुस्त करतो. ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण प्लग बदलून आणि कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून आलेले असतात. दोष मात्र निम्म्याहून जास्त वेळा फुकटात साफ होणाऱ्या जागी सापडतो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम इथे लिहितो. आधी फुकटचं, मग थोड्या पैशाचं, आणि शेवटी इंजिन उघडण्याचं.

आधी लक्षण ओळखा

"गरम झाली की बसते" ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागचे दोष वेगवेगळे असतात. मशीन कशी बसली आणि बसल्यावर पुढच्या मिनिटात काय झालं, हे मी गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी विचारतो.

– लाकडात आवाज हळूहळू दबतो, बाहेर काढली की पुन्हा चढतो. बंद मात्र पडत नाही. अशा वेळी चेन, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), ब्रेक, एअर फिल्टर किंवा सायलेन्सरकडे बघा.

– दहा-पंधरा मिनिटं मस्त चालते, मग पेट्रोल संपल्यासारखी करते. क्षणभर आवाज बारीक आणि चढा होतो नि बंद पडते. थोड्या वेळाने पुन्हा तितकीच चालते. हा पेट्रोल पोचत नसल्याचा प्रकार आहे.

– चालता चालता स्विच दाबल्यासारखी एकदम बंद. थंड होईपर्यंत कितीही दोरी ओढा, एक ठिणगी नाही. इथे संशय ठिणगी पाडणाऱ्या कॉईलवर.

– गरम असताना दोरी हाताला हलकी लागते, सकाळच्यासारखा जोर लागत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय.

– रेस सोडली तरी आवाज खाली यायला वेळ लागतो, किंवा चढलेलाच राहतो. इंजिन कुठून तरी चोरून हवा खातंय. हे दिसलं तर मशीन तिथल्या तिथे बंद करा आणि खालचा शेवटचा भाग वाचा.

यासोबत एक गोष्ट ध्यानात असू द्या. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तापलेली हवा विरळ असते. डिसेंबरच्या १२ अंशांच्या सकाळी इंजिनाला जितकी हवा मिळते, त्यापेक्षा ४५ अंशांवर जवळपास दहावा हिस्सा कमी मिळते. म्हणजे दुपारी मशीन थोडी मंद वाटणं हा दोष नाही. टाकीच्या सुरुवातीला आणि शेवटाला जमीन-अस्मानाचा फरक पडत असेल, तर मात्र दोष आहे.

हात लावण्याआधी स्विच बंद करा, प्लगची टोपी काढा, आणि चेनला हात लावायचा असेल तर जाड हातमोजे घाला. बंद केल्यावरही सायलेन्सर बराच वेळ कातडी सोलण्याइतका गरम असतो.

चेन, बार आणि ब्रेक

इंजिन ठीक असतं आणि बिचाऱ्यावर ओझं जास्त पडलेलं असतं, असं खूपदा होतं. म्हणून पहिलं काम, खाली पडलेला भुसा हातात घेऊन बघा. धार असलेली चेन लाकडाचे जाडसर तुकडे काढते. पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर चेन कापत नाहीये, घासतेय. मग माणूस वरून दाब देतो, इंजिन दबतं, तापतं, आणि नाव कार्बोरेटरचं होतं. बाभूळ कठीण असते, आणि धुऱ्यावरच्या झाडांच्या बुंध्यात माती, कधी जुनी तार निघते. एकदा माती लागली की दोन मिनिटांत धार गेली समजा. कानस मारताना चेनच्या मापाची गोल कानसच वापरा. आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या बहुतेक मशीनवर .३२५ पिचची चेन असते, तिला ४.८ मिलिमीटरची कानस लागते.

मग बारचं तेल. मशीन चालू करून बारचं टोक एखाद्या पुठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि अर्धी रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर चेन कोरडी फिरतेय. गाडीच्या इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल बारला घालायची सवय आपल्याकडे फार आहे. पैसे वाचतात असं वाटतं, पण त्यातला गाळ तेलाच्या भोकात बसतो, आणि मग बार निळा पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. बार काढा, त्याची खाच पातळ पत्र्याने खरवडा आणि तेलाचं भोक मोकळं करा.

इंजिन बंद असताना, ब्रेक सोडून, हातमोजा घालून चेन ओढून बघा. सहज सरकली पाहिजे. अडत असेल तर एक तर ती फार आवळली आहे किंवा ब्रेकची पट्टी ड्रमला घासतेय. क्लचच्या झाकणातून जळका वास येत असेल तर ब्रेकच समजा. झाकण काढून आतला चिकट भुसा साफ केला की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. आणि गरम चेन सैल पडली म्हणून तिथेच आवळली असेल, तर काम संपल्यावर पुन्हा सैल करून ठेवा. थंड होताना चेन आक्रसते आणि बारला, क्रँकला ओढ देते.

पेट्रोल

कोणतं पेट्रोल, किती ऑइल, कधी मिसळलं, हे तिन्ही प्रश्न मी विचारतो. उत्तर बहुतेक "अंदाजाने टाकतो" असंच असतं. अंदाज चालत नाही. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये जे मिसळलंय तेवढंच त्याच्या पिस्टनला मिळतं. ५० ला १ चं प्रमाण असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. कोणतं प्रमाण, ते मशीनच्या पुस्तिकेत आणि खूपदा टाकीच्या झाकणावरही लिहिलेलं असतं. मोजायला औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण किंवा सुई काढलेली सिरिंज पुरते.

ऑइल कमी पडलं तर पिस्टन घासतो, हे सगळ्यांना कळतं. जास्त झालं तर काय, ते पटकन लक्षात येत नाही. प्लग ओला राहतो, सायलेन्सरमध्ये काजळी धरते, आणि काही महिन्यांनी मशीन गरम झाली की दबायला लागते. "मी तर चांगलं म्हणून थोडं जास्तच टाकतो" म्हणणाऱ्यांच्या मशीनमध्ये मला ही काजळी बोटभर जाड सापडली आहे.

आता इथेनॉल. सध्या पंपावर मिळतं ते बहुतेक २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि बऱ्याच चेनसॉच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची दिलेली असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. शिवाय ते हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळ्यात अर्धा डबा भरून ठेवलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून बघा, खाली वेगळा थर दिसला तर ते मशीनमध्ये घालू नका. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरच्या आतले पातळ पडदेही यानेच फुगतात नाही तर कडक होतात. लागेल तेवढंच मिसळा, महिन्याच्या आत संपवा, डबा सावलीत ठेवा, आणि मशीन पंधरा दिवस पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

म्हणून दुसरं काही करण्याआधी जुनं पेट्रोल काढा आणि मोजून मिसळलेलं ताजं घाला. दोष इथेच मिटला तर पुढचं वाचायची गरजही पडणार नाही.

एअर फिल्टर, आणि ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्या पाकळ्या

फिल्टर काढा, उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर तो बंद झालाय. कोमट पाण्यात साबण घालून धुवा, पूर्ण वाळवा. जाळी फाटली असेल तर नवाच घ्या, कारण फाटक्या फिल्टरमधून गेलेला भुसा पिस्टनवर सँडपेपरसारखा काम करतो. फिल्टर काढून "पावर येते का बघू" म्हणून कापू नका. तेवढ्या दहा मिनिटांत इंजिनाचं आयुष्य कमी होतं.

आता वरचं प्लास्टिकचं झाकण काढा. नागपूरच्या उन्हाळ्यात निम्मा खेळ इथे असतो.

चेनसॉला पाण्याचं कूलिंग नाही. मॅग्नेटला, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकाला, पंख्याची पाती असतात. ती दोरीच्या बाजूच्या जाळीतून हवा ओढतात आणि सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पाकळ्यांमधून ढकलतात. इंजिन थंड राहतं ते तेवढ्यानेच. बारचं तेल आणि बारीक भुसा मिळून या पाकळ्यांत एक काळं लिंपण तयार होतं. ओलं लाकूड कापलं तर ते आणखी चिकटतं, आणि इंजिनाच्या उष्णतेने भाजून विटेसारखं कडक होतं. गेल्या उन्हाळ्यात एका मशीनचं झाकण मी मालकासमोरच उघडलं. सायलेन्सरच्या बाजूच्या पाकळ्या दिसतच नव्हत्या, सगळा एक सपाट काळा ठोकळा. बांबूच्या काडीने खरवडायला घेतलं तर पाकळीच्या आकाराचे पातळ तुकडे एकेक करून निघत गेले, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे. वीस मिनिटं लागली. एक पैशाचा पार्ट लागला नाही, आणि मशीन दुसऱ्या दिवसापासून सलग दोन टाक्या चालायला लागली.

खरवडायला लाकडाची किंवा बांबूची काडीच घ्या. स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमच्या पाकळ्या तुटतात. काम इंजिन पूर्ण थंड असताना करा. हवेचा प्रेशर मारणार असाल तर कार्बोरेटरचं तोंड स्वच्छ कापडाने बंद करा, नाही तर बाहेरचा कचरा आत जाईल. दोरीच्या झाकणाची जाळी आणि पंख्याची पातीही बघून घ्या. दोन-तीन पाती तुटलेली असली तरी हवा कमी पडते.

टाकीचा श्वास

टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी एक छोटा व्हेंट असतो, काही मशीनमध्ये टाकीच्या झाकणातच, काहींत टाकीच्या वर एक छोटी रबरी नळी किंवा टोपण. हवा आत येऊ द्यायची, पेट्रोल बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो भुशाने बंद झाला की टाकीत पोकळी तयार होते, कार्बोरेटरला पेट्रोल ओढता येत नाही, आणि मशीन "पेट्रोल संपल्यासारखी" बंद पडते. थोडा वेळ ठेवली की कुठून तरी हवा झिरपते, टाकीही तापून दाब सावरते, आणि मशीन पुन्हा चालते. मालकाला वाटतं, थंड झाली म्हणून चालली.

काटोलकडचे दोघे भाऊ अशीच मशीन घेऊन आले होते. तीन प्लग बदलून झाले होते, कार्बोरेटर नवा टाकला होता आणि जुना कापडी पिशवीत सोबत आणला होता. "आता ब्लॉक-पिस्टनच टाकून द्या," मोठा भाऊ म्हणाला. मी दुकानामागे कडुलिंबाचा ओंडका कापायला घेतला. बारा-तेरा मिनिटांनी आवाज बारीक झाला आणि मशीन बसली. तोंड लांब ठेवून, झाकणावर कापड टाकून मी ते अगदी हळू पाव वेढा फिरवलं. आत हवा ओढली गेल्याचा "सूंऽऽ" असा आवाज त्या दोघांनाही ऐकू आला. व्हेंटच्या टोपणात काळी पेस्ट भरली होती. पेट्रोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने ती साफ केली, त्यांचा जुनाच कार्बोरेटर परत बसवला आणि पूर्ण टाकी संपेपर्यंत चालवून दाखवली.

ही झाकणाची परीक्षा घरी करताना मात्र जपा. तापलेल्या टाकीत कधी पोकळीच्या उलट दाबही साठलेला असतो, आणि झाकण झटकन उघडलं तर पेट्रोलचा फवारा अंगावर उडतो. बाजूला सायलेन्सर तापलेला असतो. झाकण घट्ट लागलं, फुगल्यासारखं वाटलं किंवा आतून उकळल्यासारखा आवाज येत असेल तर हात लावू नका, मशीन सावलीत पूर्ण थंड होऊ द्या. खरं तर ही परीक्षा केली नाही तरी चालतं. थंड मशीनवर व्हेंट साफ करायला काहीच खर्च नाही, तेव्हा सरळ साफ करून बघा. सुई खुपसू नका, आतली एकतर्फी रबरी झडप फाटते.

हवा आत जाण्याऐवजी बाहेर येत असेल आणि मशीन बंद करून दहा मिनिटांनी चालू होत नसेल, तर उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन अडकतेय. उन्हात तापलेल्या मशीनला हे होतं. बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट रेस न देता चालू ठेवली तर पंखा आतली उष्णता बाहेर काढतो. मशीन उन्हात टाकून जेवायला बसू नका. पेट्रोल भरायचं तेही थंड झाल्यावर, आणि भरलेल्या जागेपासून दहा पावलं दूर जाऊनच चालू करा.

टाकीतला फिल्टर आणि पाइप

वाकवलेल्या तारेने टाकीतला फिल्टर बाहेर काढा. काळा-तपकिरी झाला असेल तर नवा टाका, स्वस्त असतो. पाइप दोन बोटांत दाबून, वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या किंवा चिकट, लिबलिबीत लागला तर तोही बदला. गरम झाल्यावर रबर मऊ होतं, आत दबतं आणि पेट्रोल अडतं. सकाळी ठीक आणि दुपारी नाही, याचं हेही एक कारण असतं.

प्लग, आणि गरम असतानाची ठिणगी

प्लगचा रंग खूप काही सांगतो. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरट, कोरडा, भाजलेला दिसला तर इंजिन पातळ मिश्रणावर जास्त तापतंय, आणि ही धोक्याची खूण आहे. गॅप ०.५ ते ०.७ मिलिमीटरच्या दरम्यान पुस्तिकेप्रमाणे ठेवा. नंबर तोच घ्या. दुकानदाराने "हाही बसतो" म्हणून दिलेला प्लग बसतो खरा, पण उष्णता काढायची त्याची क्षमता वेगळी असू शकते.

एकदम बंद पडणाऱ्या मशीनसाठी ठिणगी गरम असतानाच बघावी लागते. थंड झाल्यावर बघितलेली ठिणगी इथे कामाची नाही. कॉईलच्या आतली बारीक तार तापली की तुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. बाजारात प्लगच्या टोपीला जोडायचा छोटा स्पार्क टेस्टर मिळतो, तोच वापरा. प्लग काढून उघड्यावर ठिणगी पाडायची पद्धत मी सांगणार नाही, त्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. गरम असताना ठिणगी नाही आणि अर्ध्या तासाने आहे, तर कॉईल बदला. त्याआधी स्विचची वायर कुठे घासून बॉडीला लागत नाही ना, ते बघा. कॉईल आणि मॅग्नेटमधलं अंतर साधारण ०.३ मिलिमीटर असतं. मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळले की ते बरोबर येतं.

सायलेन्सर

थंड मशीनचा सायलेन्सर काढा. काही मशीनमध्ये तोंडाशी बारीक जाळी असते, तीत काजळी धरली की धूर बाहेर पडत नाही, आणि धूर आत राहिला की ताजी हवा येत नाही. तारेच्या ब्रशने साफ करा. जाळी फेकून देऊ नका, ठिणग्या वाळल्या पाचोळ्यावर पडू नयेत म्हणून ती आहे, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पाचोळा किती पटकन पेटतो हे सांगायला नको.

सायलेन्सर काढलाच आहे तर त्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा. दोरी हळू ओढून पिस्टन वर-खाली करा. बाजू गुळगुळीत असेल तर उत्तम. उभे ओरखडे दिसले, तर पुढचं सगळं थांबवा. अशा पिस्टनला कोणतंही सेटिंग उपयोगाचं नाही.

कार्बोरेटर: सगळ्यात शेवटी, आणि जपून

वरचं सगळं करून झालं असेल तरच इथे या. दोन स्क्रू मिश्रणाचे असतात, एल (कमी वेगाचा) आणि एच (पूर्ण रेसचा), आणि तिसरा रेस न देता चालण्याचा वेग ठरवतो. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की पेट्रोल कमी होतं, उलट फिरवलं की वाढतं. एच फिरवून पेट्रोल कमी केलं की मशीनचा आवाज खणखणीत होतो, वेग चढतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पावर आली. पण पेट्रोलसोबत ऑइलही कमी झालेलं असतं.

दुकान सुरू केलं त्या वर्षी मी स्वतः एका शेतकऱ्याची मशीन अशीच "खणखणीत" करून दिली होती. चौथ्या दिवशी ती पिस्टन चिकटून परत आली. ब्लॉक आणि पिस्टन मी माझ्या पैशाने टाकून दिला. त्या माणसाची आठवड्याची मजुरी मात्र मला भरून देता आली नाही. तेव्हापासून एच स्क्रू मी कानाने लावतो तो असा: पूर्ण रेसला, लाकडाबाहेर, आवाज थोडा अडखळत, घुरघुरत यायला हवा. लाकडात घातल्यावर तीच घुरघुर साफ होते. लाकडाबाहेरही आवाज तलवारीसारखा सलग येत असेल तर मिश्रण पातळ आहे, एच पाव वेढ्याच्या आत उलटा फिरवा. तुमच्या हाताने एवढंच करा, घड्याळाच्या दिशेने नाही. सुरुवातीचे वेढे किती होते ते आधी मोजून लिहून ठेवा. काही नव्या मशीनमध्ये हे सगळं इलेक्ट्रॉनिक असतं, स्क्रूच नसतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

मे महिन्यात लावलेलं सेटिंग डिसेंबरमध्ये पातळ पडतं, कारण थंड हवा दाट असते. थंडीत पहिल्यांदा काढाल तेव्हा आवाज एकदा ऐकून घ्या.

एच उघडूनही फरक पडत नसेल तर कार्बोरेटरमधला पडदा कडक झालेला असू शकतो. हात बसलेला असेल तर किट आणून बदला. स्प्रिंग आणि सुई इतकी बारीक असते की पांढऱ्या कापडावरच उघडा.

इथे थांबा, आणि मेकॅनिककडे या

रेस सोडल्यावर आवाज खाली येत नाही, किंवा मशीन एका कुशीवर केली की आवाज बदलतो: क्रँकची सील, गॅस्केट किंवा कार्बोरेटरमागची रबरी नळी हवा खातेय. गरम झाल्यावर ही फट वाढते आणि मिश्रण इतकं पातळ होतं की पिस्टन काही मिनिटांत जातो. फट शोधायला दाब आणि पोकळीचा पंप लागतो. चालू इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारून शोधायला जाऊ नका, पेट घेईल.

दोरी धरून मशीन अधांतरी सोडली आणि ती गरम असताना सरकन खाली आली, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलंय. गेजवर साधारण १२० ते १५० पौंड दाब चांगला. १०० च्या खाली असेल तर लाकडात दम धरणार नाही. पिस्टनवर ओरखडे असतील, क्रँकच्या बेअरिंगमधून खरखर येत असेल, किंवा चेन रेस न देताही फिरत असेल आणि वेगाचा स्क्रू कमी करूनही थांबत नसेल, तर दुरुस्त होईपर्यंत मशीन वापरूच नका.

दुरुस्तीचा खर्च आधी विचारा. स्वस्त मशीनला ब्लॉक, पिस्टन, सील आणि मजुरी मिळून तिच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर मी गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगतो. आणि ब्लॉक बदलताना तो खराब का झाला हे शोधलं नसेल, तर नवाही त्याच वाटेने जाईल, म्हणून सीलची तपासणी केल्याशिवाय नवा पिस्टन बसवू देऊ नका.

मशीन आणताना चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून आणा: किती मिनिटांनी बसते, बसताना आवाज चढतो की दबतो, किती वेळाने पुन्हा चालते, आणि ऑइल कोणतं, किती टाकता. मधे कुणी स्क्रू फिरवले असतील तर तेही सांगा, मी रागावत नाही. ज्या मिश्रणावर मशीन बसली त्यातलं थोडं घट्ट झाकणाच्या डब्यात सोबत असू द्या. आणि साफसफाई करून आणू नका, प्लग आहे तसाच राहू द्या. त्याच्यावरचा रंग मला बघायचा असतो.